शिळ्या जेवणाचा माग
मेसमध्ये कालचीच भाजी परत आली, असा संशय तुम्हालाही येतो ना? मँचेस्टरला भाड्याने राहणाऱ्या जॉर्ज द हेवेशीलाही 1911 मध्ये आला. बुडापेस्टच्या या पठ्ठ्याने म्हणे ताटात उरलेल्या अन्नात कणभर किरणोत्सारी पदार्थ टाकला. तो पुढच्या जेवणात सापडला आणि घरमालकीण पकडली गेली! शिशातून रेडियम-डी वेगळं काढायचं रदरफोर्डने दिलेलं काम मात्र त्याला जमलंच नाही. वेगळं होत नाही ना, मग शिशाचा माग काढायला तेच वापरू, असं त्याने ठरवलं. 1923 मध्ये रोपांवर प्रयोग, 1943 चं नोबेल. 1966 मध्ये तो गेला. आज इस्ट्रोजेनसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडून शिरेतून देतात. स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या गाठींत त्या हार्मोनचे रिसेप्टर असतात, त्या पेट स्कॅनवर उजळतात. हार्मोनविरोधी गोळ्या चालतील का, याचा अंदाज डॉक्टर त्यावरून बांधतात.