विश्लेषण : घाटवाटा आधी कोणाच्या? गणितज्ञ डी. डी. कोसंबींनी काढलेला माग

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. वर सातवाहनकालीन लेणे, राणी नागनिकेचा शिलालेख आणि दगडी रांजण आहे. कल्याण बंदरातला माल इथूनच जुन्नरला जात असे. पण व्यापारी येण्यापूर्वी सह्याद्रीतल्या वाटा कोणाच्या होत्या? याचा माग गणिताच्या एका प्राध्यापकाने काढला.

कोसंबी कोण होते?

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते भारतात परतले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले, नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले.

इतिहासाकडे कसे वळले?

नाण्यांमुळे. नाणे हातोहात फिरले की झिजते, वजन घटते. हजारो प्राचीन नाणी तोलून त्यांनी संख्याशास्त्राने त्यांचा क्रम लावला. नाणी कोणी पाडली, हे शोधताना ते इतिहासात शिरले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ आला.

मेंढपाळांचा संबंध काय?

पुणे परिसरातील टेकड्यांवर त्यांना अश्मयुगीन छोटी दगडी पाती सापडली. त्याच पट्ट्यातून धनगरांचे कळप ये-जा करत होते. वाटा मिळतात तिथे शेंदूर लावलेल्या देवी होत्या. यावरून त्यांनी क्रम मांडला: आधी भटक्यांची वाट आणि देवीचे ठाणे, मग व्यापारी तांडे आणि कार्ले, जुन्नरची लेणी. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाशी नाते असलेल्या आर्यांकडेही त्यांनी आधी पशुपालक, मग शेतकरी म्हणून पाहिले.

यात कच्चा दुवा कोणता?

दगडी पाते ते कोणाच्या हातात होते हे सांगत नाही. त्यामुळे त्या काळापासून आजच्या धनगरांपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही.

आज त्याचे काय?

कोसंबी २९ जून १९६६ रोजी गेले. पाऊस सरला की देशावरचे मेंढपाळ अजून घाट उतरतात. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. शहापूर, मुरबाडची कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. वर्षातले काही महिने गावाबाहेर राहणाऱ्यांची मुलांची शाळा, रेशन आणि दाखले यांत अडचण होते, कारण कागदोपत्री माणूस एका गावचा असावा लागतो. कोसंबींच्या मांडणीत मात्र फिरस्ता उपरा नाही. वाट आधी त्याची आहे.