नांगरावरील नाव : उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर

बाजारात माल पुष्कळ येतो आणि जातो. नाव मात्र फारच थोड्या मालाचे टिकते. 'ब्रँड' हा शब्द मराठी पेढीवर रूढ होण्यापूर्वी व्यापारी 'छाप' म्हणत, आणि गिऱ्हाईक छाप पाहून वस्तू घेत असे. यंत्राच्या बाबतीत ही छाप विलायतेची असावी, देशी यंत्र म्हणजे हलके काम, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे पक्का रुजलेला होता. अशा काळात एका मराठी आडनावाला शेतकऱ्याच्या गोठ्यात आणि शेतात विश्वासाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्याकडे जाते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात यंत्राचा वा व्यापाराचा वारसा नव्हता. मुलाचा ओढा चित्रकलेकडे. वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामुअण्णा म्हणत, यांच्या पाठबळावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही काळातच असे ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यांत्रिक आरेखनास रंगांची गरज नसते. तेथे रेषा अचूक हवी. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. तेथे बढतीत डावलले गेल्यावर मात्र त्यांनी नोकरीचा मोह धरला नाही आणि ते बेळगावास परतले.

धंद्याचा आरंभ सायकलींपासून झालेला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईत खरेदी करून पाठवावयाचे आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकावयाच्या, एवढेच नव्हे तर घेणाऱ्याला चालविण्यासही शिकवावयाचे, अशी ही भावांची वाटणी होती. विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेपर्यंत विक्री पुरी झाली नाही, ही दृष्टी या घराण्यात प्रारंभापासून होती असे यावरून दिसते.

सायकल ही शेवटी दुसऱ्याने बनविलेली वस्तू होती. लक्ष्मणरावांना स्वतः काही घडवावयाचे होते. त्यांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. आखूड कापलेला कडबा जनावर सहसा टाकत नाही, वैरण वाचते. हा लाभ शेतकऱ्याला पाहता पाहता पटण्यासारखा होता. मग त्यांनी लोखंडी नांगराकडे लक्ष वळविले, आणि येथे त्यांची खरी कसोटी लागली.

लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. आज ही समजूत भोळेपणाची वाटते. पण शेतकऱ्याची बाजूही विचारात घ्यावयास हवी. लाकडी नांगर गावचा सुतार करी, मोडला तर तोच नीट करून देई, आणि त्याचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्यातून भागे. लोखंडी नांगरास रोख पैसा मोजावयाचा, आणि ऐन नांगरटीत त्याचा एखादा भाग मोडला तर तो गावात कोणाच्याने दुरुस्त व्हावा? ज्याचे सगळे वर्ष एका पेरणीवर अवलंबून, त्याने अनोळखी वस्तूपासून दूर राहणे हा शहाणपणाच होता. तेव्हा नांगर विकणे म्हणजे केवळ लोखंड विकणे नव्हते. जमीन खोल उलथली जाते, तण मुळासकट निघते, हे शेतात दाखवावयाचे. फाळ झिजला तर तसाच, त्याच मापाचा फाळ मिळेल, अशी खात्री द्यावयाची. एकाच नमुन्यावरून ओतकाम केले म्हणजे सुट्या भागांचे माप सारखे राहते, हा ओतशाळेचा लाभ बलुत्यातील सुतारापाशी नव्हता. जे नाव पुढे घरोघरी गेले त्याची पत या झिजणाऱ्या फाळावर उभी राहिली, हे विसरता येत नाही.

धंदा कोठे मार्गी लागतो तोच १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. भांडवल तुटपुंजे, आणि भट्ट्या व यंत्रे उचलून न्यावयाची कोठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार. रंग हाती असलेल्या राजाने रंग सुटलेल्या कारागिरास हात द्यावा, हा योग मनोज्ञ खराच. कुंडल रोड या आडवळणी रेल्वे स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचे वसतिस्थान. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला.

वाडीच्या रचनेविषयी पुष्कळ गौरवपर लिहिले गेले आहे. त्यात थोडा विवेक करणे योग्य. माळावर कारखाना काढावयाचा तर घर, पाणी, शाळा यांवाचून कामगार राहणारच नाही. कामगार टिकला नाही तर हात कुशल होत नाही, आणि हात कुशल नसेल तर नांगर चांगला निघत नाही. कामगारांचे सुख आणि धंद्याची गरज येथे एकाच जमाखर्चात मांडता येत होती, आणि लक्ष्मणरावांना तो जमाखर्च उत्तम समजत होता. परंतु वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा निर्बंध त्या जमाखर्चात बसत नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या, रामोशी समाजातील माणसांच्या हाती रात्रीचा पहारा सोपविणे तर नाहीच नाही. ज्यांच्यावर ब्रिटिश सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्याच भरवशावर साऱ्या वसाहतीने झोपावयाचे, हे धाडस लाभाच्या आशेने कोणी करीत नाही. ते पहारेकरी विश्वासास पात्र ठरले.

पहिल्या महायुद्धाने वेगळाच पेच उभा केला. परदेशी माल येणे आटल्याने देशी नांगराला वाव मिळाला, आणि त्याच कारणाने लोखंड, दगडी कोळसा व रंग मिळेनासे झाले. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा वापरून आणि मिळेल त्या लोखंडावर प्रयोग करून भट्ट्या चालू ठेवण्यात आल्या. अडचणीच्या दिवसांत माल निकृष्ट करून भाव वाढविण्याची वाट सर्वांनाच मोकळी असते. नाव नांगरावरच कोरलेले असल्याने या कारखान्याला ती परवडणारी नव्हती.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचावी, हा मूळ हेतू. पण जाहिरातीच्या या पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक झाले, त्यामागून १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले, आणि स्वावलंबन, विज्ञाननिष्ठा, स्त्रीशिक्षण यांवरील चर्चा मराठी घरांत गेली. ज्यांनी कधी नांगराला हात लावला नाही अशा कुटुंबांनाही हे आडनाव परिचित झाले ते या मासिकांमुळे. जाहिरातीने वाचकाला काही दिले तर तो तिची आपणहून वाट पाहतो, याचे इतके ठळक उदाहरण मराठीत दुसरे क्वचितच सापडेल.

त्यानंतर पंप आले, उसाचे चरक आले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रविद्या शिकून परतले आणि व्याप वाढला. १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. वडिलांनी कारभार तरुणांच्या हाती सोपविला होता.

आयुष्याच्या उत्तररात्री एक घाव राहिला होता. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध जो क्षोभ उसळला त्यात किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या वाडीत जातीची उतरंड मोडण्याचा निर्धार एका माणसाने अडतीस वर्षे पाळला, तिलाच जातीच्या नावाने जळावे लागले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. राखेतून कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि भट्ट्या पेटल्या.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे जुने नाव मागे पडले असून आज तेथील फलकावर किर्लोस्करवाडी हेच नाव आहे.