किसन फागुजी बनसोडे आणि वृत्तपत्रांची नजर

विदर्भातील वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास सांगताना 'देशसेवक' आणि 'महाराष्ट्र' या पत्रांचा उल्लेख आवर्जून होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु त्याच काळात नागपुरात किसन फागुजी बनसोडे चार पत्रे चालवून गेले, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते.

बनसोडे नागपूर जिल्ह्यातील मोहप्याचे. महार कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने समाजोन्नतीचा आरंभ शिक्षणापासून केला. 1907 साली त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. अस्पृश्य मुलांनाच जेथे शाळेची दारे बंद होती, तेथे मुलींच्या शिक्षणाचा विचार करणे हे मोठ्या धैर्याचे काम होते.

त्या काळी स्वराज्याच्या प्रश्नावर निर्भयपणे लिहिणारी पत्रे होती. पण पाणवठ्यावरची बंदी ही ज्यांच्या रोजच्या जगण्यातली बाब नव्हती, त्यांना ती बातमी वाटणे कठीण होते. यात नेहमी दुष्टावाच असे, असे नव्हे. लिहिणारा जेथे उभा असतो तेथून जेवढे दिसते, तेवढेच त्याच्या लेखणीत उतरते. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले, ते ही उणीव ओळखूनच. पुढे 1920 साली डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायका'ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. एवढ्यावरून या कोंडीची कल्पना यावी.

बनसोडे यांनी 1910 मध्ये 'निराश्रित हिंद नागरिक' काढले, 1913 मध्ये 'विटाळ विध्वंसक', 1918 मध्ये 'मजूर पत्रिका' आणि 1931 मध्ये 'चोखामेळा'. नुसती नावे पाहिली तरी दृष्टीची व्याप्ती ध्यानात येते. पहिल्यात निराश्रिताने नागरिकत्वावर हक्क सांगितला आहे. दुसऱ्याचे नाव गोपाळबाबा वलंगकरांच्या 1888 च्या पुस्तिकेची आठवण करून देते. तिसरे गिरण्यांच्या या शहरातील कामगाराचे होते, तर चौथे संतपरंपरेचा वारसा सांगणारे. ज्या समाजात साक्षरच थोडे, तेथे वर्गणीदार ते किती असणार? तरीही एक पत्र थांबले की दुसरे उभे राहिले.

बनसोडे यांचे मत पुढे आपल्याच चळवळीच्या मुख्य प्रवाहाशीही जुळले नाही. 1935 साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. 1946 मध्ये त्यांचे निधन झाले आणि दहा वर्षांनी त्यांच्याच नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इतिहासाचा कौल त्यांच्या बाजूने पडला नाही. म्हणून त्यांच्या पत्रकारितेचे मोल मात्र कमी होत नाही. वंचितांचा आवाज एकच असतो आणि एका प्रतिनिधीने तो पुरता ऐकू येतो, हा समज किती भाबडा आहे, हे या मतभेदातूनच दिसते.

2019 साली झालेल्या एका पाहणीत देशातील वृत्तमाध्यमांमधील 121 नेतृत्वपदांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींतील एकही व्यक्ती त्यांत नव्हती. बनसोडे यांना स्वतःचे पत्र काढावे लागले, कारण दुसऱ्यांच्या पत्रांत त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. ती खुर्ची रिकामी राहते तेव्हा अन्याय केवळ एका समाजावर होत नाही. आपल्या गावातच काय घडते आहे, हे वाचकालाही कधी कळत नाही.