मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली आणि जमशेटजींनी त्यांच्यासाठी भुलेश्वरात आसरा उभा केला

नवी मुंबईतल्या कुठल्याही सेक्टरमध्ये संध्याकाळी चक्कर मारा. सोसायटीच्या गेटवर दोन-तीन देशी कुत्री पसरलेली दिसतात. त्यांना खायला घालणारे एका बाजूला, हटवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला आणि मधल्या मध्ये वॉचमनची पंचाईत. कधी कुणी त्यातलं एक पिल्लू दया येऊन घरी नेतं. ते वन बीएचकेमध्ये दिवसभर इकडून तिकडे धावतं, चपला कुरतडतं, सोफा फाडतं. दोन महिन्यांत व्हॉट्सअॅपवर पोस्ट फिरायला लागते, याच्यासाठी चांगलं घर सुचवा.

या कुत्र्यांचं करायचं काय, हा प्रश्न नवी मुंबई वसण्याच्या कितीतरी आधी खाडीपलीकडच्या मुंबईत पेटला होता. त्यावर ज्यांनी तोडगा काढला त्यांच्यात एक माणूस होता, ज्याचं नाव आपण हॉस्पिटल आणि आर्ट स्कूलमुळे रोज घेतो. जे. जे. म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घरचे लोक मूळचे नवसारीकडचे, विणकाम करणारे. आई-वडील लवकर गेले आणि पोरका मुलगा मुंबईत मामांच्या आश्रयाला आला. मामा फ्रामजी नसरवानजी जुन्या बाटल्यांचा धंदा करायचे, म्हणून बाटलीवाला. जमशेटजींनाही तेच नाव चिकटलं. पुढे याच मामांची मुलगी अवाबाई त्यांची बायको झाली.

सोळाव्या वर्षी त्यांनी चीनची पहिली सफर केली. अशा एकूण पाच केल्या. १८०५ साली त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि ते कैदी झाले. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा तरुण डॉक्टर होता. ही ओळख पुढे दोघांनाही अफाट श्रीमंत करून गेली. कापसाबरोबर या व्यापारात मुख्य माल होता अफू. जे. जे. यांच्या दानाबद्दल बोलताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, पण पैसा तिथूनही आला होता.

आता कुत्र्यांकडे येऊ.

मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारायचा कायदा आधीपासून होता. १८३२ साली ही मोहीम नेहमीपेक्षा लांबवण्यात आली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. त्या काळात आठ आणे म्हणजे चांगली रक्कम. मग काय व्हायचं ते झालं. बेवारस कुत्री कमी पडायला लागली तशी पाळलेलीही ओढून नेली जाऊ लागली, त्यासाठी लोकांच्या आवारात शिरण्यापर्यंत मजल गेली.

पारशांसाठी कुत्रा हा साधा प्राणी नाही. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनाही ही हत्या खुपत होतीच. ६ जून १८३२ रोजी कोटात जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या सैन्याची रसद अडली, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवर घाण फेकली गेली. शेवटी सैन्य बोलवावं लागलं.

दंगल शमली, पण प्रश्न उरलाच. शहरातल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांची सरकारकडे मागणी होती की कुत्री मारू नका, दुसरीकडे हलवा. ही मागणी करणं सोपं होतं. हलवायची म्हटलं तर कुठे, तिथे खायला कोण घालणार आणि खर्च कोण करणार?

त्याचं उत्तर १८३४ मध्ये आलं. जमशेटजी आणि अमीचंद शाह यांनी भुलेश्वरला पांजरापोळ सुरू केली. पैशाची सोयही पक्की होती. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर एक लहानसा लागा बसवून घेतला. शेकडो जनावरांचं पोट एकेकाच्या लहरीवर चालत नाही, हे या व्यापाऱ्यांना नेमकं कळलं होतं.

अर्थात आवार ते आवारच. चार गल्ल्या पालथ्या घालणाऱ्या तरण्या कुत्र्याला तिथे जीव वाचण्यापलीकडे फार काही मिळालं असेल असं वाटत नाही. पण समोरचा पर्याय सोट्याचा होता.

जनावरांचा हा विषय जमशेटजींनी तिथेच सोडला नाही. मैदानात गुरं चारण्यावर सरकारने कर लावला तेव्हा त्यांनी ठाकूरद्वारजवळ कुरण विकत घेतलं आणि गोरगरिबांच्या गुरांना मोकळं करून दिलं. चर्नी रोड हे नाव त्या चरण्यावरून पडलं, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. १८४२ मध्ये सर ही पदवी आणि १८५७ मध्ये बॅरोनेटसी, दोन्ही मिळवणारे ते पहिले भारतीय. हॉस्पिटल, माहीमचा कॉजवे, आर्ट स्कूल ही यादी सगळ्यांना पाठ आहे. कॉजवेचा पैसा मात्र अवाबाईंनी दिला होता. १४ एप्रिल १८५९ रोजी जमशेटजी गेले.

आज कायदा वेगळा आहे. २००१ च्या आणि नंतर २०२३ च्या नियमांनी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडण्याची पद्धत आणली. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात दिल्लीच्या कुत्र्यांना शेल्टरमध्ये टाकायचं की नाही यावर जे रण माजलं, त्यात १८३२ सालचेच सवाल होते. जागा कुठली आणि खर्च कुणाचा.

भुलेश्वरची पांजरापोळ अजून आहे. सणावाराला गाईला चारा घालायला तिथे रांग लागते. आणि सांगतात असं, की तिथे गाई पहिल्यांदा आणल्या त्या कुत्र्यांना दूध मिळावं म्हणून.