डेबूजींच्या घरचे बारसे

संत गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला.

वडील झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. दारूपायी शेत गेले, शरीर खंगले आणि ते लवकर वारले. डेबू तेव्हा लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी दापुरे गावी आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला.

पुढे डेबूजींचे लग्न झाले, मुलगी झाली. त्या काळी बारशाला भाऊबंदांना दारू-मटण द्यायची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत. दारूने घर कसे बसते, ते त्यांनी स्वतः भोगले होते.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांना समजवायचे, की दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले.

गुरुजी सांगतात, दारूने यकृत खराब होते. पुढच्या महिन्यात आमच्या घरी बाळाचे बारसे आहे. काका म्हणतात, पाहुण्यांची सोय करावीच लागेल. वडील अजून काही बोलले नाहीत. ते पालकसभेला येणार आहेत, म्हणून मी अक्षर मोठे काढले आहे.