कॉर्नेलियाबाई सोराबजी : परीक्षेनंतर तीस वर्षांनी पदवी

विलायतेस जाऊन मोठ्या पदव्या घेऊन आलेल्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकतो. आज आम्ही ज्या बाईंचे चरित्र सांगणार आहो, त्या परीक्षा उतरूनही पदवीवाचून परत आल्या.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म 1866 साली नाशिक येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुळातील होते व तरुणपणीच ते ख्रिस्ती झाले होते. आई फ्रान्सिनाबाई ह्यांनी पुण्यास शाळा चालविली. त्या घरात मुलगी म्हणून कोणाच्या शिक्षणास आडकाठी झाली नाही. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. पदवीच्या परीक्षेत त्यांस पहिला वर्ग मिळाला. त्या यशावर विलायतेस शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. परंतु उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणाने ती नाकारण्यात आली.

बाई खचल्या नाहीत. त्यांनी अहमदाबादेस गुजरात कॉलेजात शिकविण्याचे काम पत्करले. इकडे इंग्लंडातील काही सुहृदांनी त्यांच्यासाठी वर्गणी जमविली. तीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचाही हात होता. अशा रीतीने 1889 साली त्या ऑक्सफर्ड येथे सॉमरव्हिल ह्या स्त्रियांच्या विद्यालयात दाखल झाल्या.

त्या वेळी ऑक्सफर्डात स्त्रियांस व्याख्याने ऐकता येत व काही परीक्षांस बसता येई. पदवी मात्र मिळत नसे. कायद्याच्या उच्च परीक्षेस तर तोवर एकही स्त्री बसली नव्हती. बाईंनी तोच अभ्यास धरला. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट ह्यांनी त्यांची बाजू घेतली, आणि 1892 साली विद्यापीठाने खास ठराव करून त्यांस परीक्षेस बसू दिले. बाई उतरल्या, वर्ग तिसरा मिळाला. जेथे पूर्वी कोणाही स्त्रीचे पाऊल पडले नव्हते, तेथे तिसरा वर्गही आम्ही लहान मानीत नाही. तरीही पदवी हाती आली नाही.

स्वदेशी परतल्यावर येथेही वकिलीचे दार बंदच होते. मग ह्या विद्येचा उपयोग काय झाला? बंगाल, बिहार इत्यादी प्रांतांत पडद्यात राहणाऱ्या जमीनदारांच्या विधवा होत्या. परपुरुषासमोर येण्याची त्यांस मनाई, व वकील तर सारे पुरुष. त्यामुळे त्यांची मिळकत दुसऱ्यांच्या हाती जाई व दाद लागत नसे. 1904 साली सरकारने बाईंस कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये ह्या स्त्रियांच्या सल्लागार नेमले. पुढील अनेक वर्षे त्यांनी आतल्या दालनांत जाऊन शेकडो विधवांची व पोरक्या मुलांची गाऱ्हाणी ऐकली व त्यांची बाजू सरकारापुढे मांडली.

स्वराज्याच्या चळवळीविषयी बाईंचे मत प्रतिकूल होते व ते पुष्कळ देशबांधवांस रुचले नाही. आम्हांसही ते रुचत नाही. पण त्या विधवांची सेवा त्यामुळे उणी होत नाही.

अखेर 1920 साली ऑक्सफर्डने स्त्रियांस पदव्या देण्याचे ठरविले आणि 1922 साली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी, बाईंनी आपली पदवी घेतली. 1923 साली हिंदुस्थानातही स्त्रियांस वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला, व त्यानंतर बाईंनी कलकत्त्यास वकिली केली. 1954 साली लंडन येथे त्यांचा अंत झाला.

पदवीची वाट पाहत बाई स्वस्थ बसल्या असत्या, तर त्या विधवांचे गाऱ्हाणे कोणी ऐकले असते? म्हणून आईबापांस व उपदेशक बंधूंस आमचे एवढेच सांगणे आहे, की मुलीस पुढे नोकरी वा मान मिळेल की नाही हे ठाऊक नाही, एवढ्यावरून तिची शाळा सोडवू नये. विद्या कोणाच्या कामी येईल हे शिकतेवेळी दिसत नाही; कॉर्नेलियाबाईंसही ते ऑक्सफर्डात दिसले नव्हते.