प्रा. हमका : बंदिवासात तफसीर लिहिणारे आलिम

16 जून ते 21 जून 1970 या दिवसांत इंडोनेशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष सुकार्नो मृत्यूशय्येवर होते. 21 जून रोजी त्यांचे निधन झाले आणि जकार्तातील एका आलिमांच्या घरी निरोप आला. आपल्या जनाजाची नमाज याच आलिमांनी पढवावी, अशी दिवंगतांची इच्छा होती. ज्यांच्याकडे हा निरोप आला, त्यांना सुकार्नो यांच्याच राजवटीत दोन वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगावा लागला होता. त्यांचे नाव हाजी अब्दुल मलिक करीम अमरुल्लाह. या नावाच्या आद्याक्षरांवरून सारे जग त्यांना हमका म्हणून ओळखते.

त्यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1908 रोजी पश्चिम सुमात्रातील मनिंजाऊ सरोवराच्या काठी झाला. वडील हाजी रसूल हे त्या प्रांतातील नामवंत सुधारक आलिम होते. आईवडिलांच्या तलाकमुळे मुलाचे बालपण विस्कटले आणि शालेय शिक्षण अपुरे राहिले. मात्र वाचनाची ओढ अशी विलक्षण होती की ग्रंथालय हीच त्यांची पाठशाळा झाली. 1927 मध्ये ते हजला गेले. 1929 मध्ये सिती रहाम यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

पुढे मेदान येथे साप्ताहिकाचे संपादन करीत असताना त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि तसव्वुफचा अर्थ सामान्य माणसाला उलगडून दाखविणारा ग्रंथही लिहिला. स्वतःकडे विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस स्वातंत्र्यानंतर योग्यकर्ता, जकार्ता, मेदान, मकासर येथील इस्लामी उच्च शिक्षणसंस्थांत अध्यापन करू लागला. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. जकार्तातील ज्या मशिदीत ते फजरनंतर कुरआनचे विवेचन करीत, तिला अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी आपल्या विद्यापीठाचे नाव दिले.

27 जानेवारी 1964 रोजी, रमजान महिन्यात, सरकारविरोधी कटाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्यांच्या ग्रंथांवर बंदी आली आणि घरची मिळकत थांबली. मुलाबाळांचा मोठा संसार एकट्या सिती रहाम यांच्यावर येऊन पडला. घरातील चीजवस्तू विकून त्यांनी तो चालविला, पण मुलांसमोर कधी हतबलता दाखविली नाही. तिकडे चौकशीच्या छळाने खचलेल्या, आजारी हमकांनी कैदेतच लेखणी उचलली. मशिदीत सुरू झालेले विवेचन त्यांनी तेथे पूर्णत्वास नेले. तीस पाऱ्यांची ‘तफसीर अल-अझहर’ ही त्या बंदिवासाची देणगी होय. 1966 मध्ये ते मुक्त झाले.

चार वर्षांनी सुकार्नो यांचा निरोप आला, तेव्हा हमका गेले आणि त्यांनी नमाज पढविली. अनेकांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे मात्र साधे होते : कैद झाली नसती तर तफसीर पूर्ण करण्याइतकी सवड मिळाली नसती, आणि सुकार्नो यांच्या हातून मशिदीही उभ्या राहिल्या होत्या. मक्का-विजयाच्या दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या शत्रूंना माफ केले, हे आपण सारेच वाचतो. हमकांनी ते आचरून दाखविले.

1 जानेवारी 1972 रोजी सिती रहाम यांचे निधन झाले. सुमारे बेचाळीस वर्षांची सोबत संपली. 1975 मध्ये हमका इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. नाताळच्या धार्मिक विधींत मुस्लिमांनी सहभागी होऊ नये, या परिषदेच्या फतव्यावरून सरकारशी मतभेद झाले, तेव्हा फतवा बदलण्याऐवजी 1981 मध्ये त्यांनी पदच सोडले. त्याच वर्षी 24 जुलै रोजी, रमजानच्या शुक्रवारी, ते अल्लाहला प्रिय झाले.

सत्तेपुढे न झुकणारा हा माणूस स्वतःच्या रागापुढेही झुकला नाही. आपल्या घरांत, भावाभावांत, शेजाऱ्यांत वर्षानुवर्षे जपलेले किती अबोले असतील! ते संपविण्यासाठी कुणाच्या जनाजाची वाट का पाहावी? अल्लाह हमकांना जन्नतमध्ये उच्च स्थान देवो आणि आपल्याला क्षमा करण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.